टाळेबंदीतील आकाशाची साक्ष

(यवतमाळ येथे एका व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



कोरोनाच्या टाळेबंदीत हवा किती स्वच्छ झाली, ते उपग्रहांच्या साहाय्याने कसे मोजले गेले आणि त्या मोजणीतून आपल्या जिल्ह्याने काय घ्यावे, हा आजचा विषय आहे. मी कला शाखेचा पदवीधर आणि व्यवसायाने पत्रकार. त्यामुळे या विषयातील गणित मी मांडणार नाही. त्या गणितातून जे हाती आले, त्याचा यवतमाळच्या शेताशी, रानाशी आणि चुलीशी जो संबंध आहे, तो मांडण्याचा प्रयत्न करणार आहे.

२२ मार्च २०२० रोजी देशाने जनता कर्फ्यू पाळला आणि २५ मार्चपासून टाळेबंदी लागू झाली. ती टप्प्याटप्प्याने ३१ मेपर्यंत वाढली. रेल्वे थांबली, विमाने उतरली, कारखान्यांचे भोंगे बंद झाले. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पंजाबातील जालंधरच्या गच्च्यांवरून धौलाधारची हिमाच्छादित शिखरे दिसू लागली आणि ती छायाचित्रे देशभर फिरली. ती पाहून मन प्रसन्न झाले, यात शंका नाही. परंतु छायाचित्र म्हणजे मोजमाप नव्हे. एक चांगला पाऊस पडून गेला, तरी दुसऱ्या दिवशी आकाश निवळते. तेव्हा ही स्वच्छता माणसाच्या थांबण्याने आली की निसर्गाच्या कृपेने, हा प्रश्न शास्त्रज्ञांपुढे होता. त्याचे उत्तर शोधण्यासाठी त्यांनी जमिनीवरील यंत्रांबरोबर आकाशातील यंत्रांकडेही पाहिले.

जमिनीवरील यंत्रे अचूक असतात, पण ती महाग आहेत आणि मुख्यतः शहरांत आहेत. केंद्र सरकारने जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. विदर्भातील नागपूर, अमरावती, अकोला आणि चंद्रपूर ही शहरे त्या यादीत आहेत. यवतमाळ नाही. यादीत नाव नाही म्हणून आपली हवा शुद्ध, असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. झरी-जामणीच्या किंवा महागावच्या खेड्यातील हवा रोजच्या रोज मोजणारे यंत्र गावात बसवलेले नाही. आकाशातून होणारी मोजणी मात्र शहर आणि खेडे असा भेद करीत नाही. आपल्यासारख्या जिल्ह्यासाठी तिचे मोल आहे ते याचसाठी.

ही मोजणी होते कशी? युरोपीय अवकाश संस्थेने १३ ऑक्टोबर २०१७ रोजी 'सेंटिनेल-५पी' नावाचा उपग्रह सोडला. त्यावर 'ट्रोपोमी' नावाचे एकच यंत्र आहे. सुमारे ८२४ किलोमीटर उंचीवरून तो ध्रुवाकडून ध्रुवाकडे फिरतो आणि दुपारी दीडच्या सुमारास आपल्या डोक्यावरून जातो. सूर्याचा प्रकाश वातावरणातून खाली येतो, जमिनीवर आपटतो आणि परत वर जातो. या प्रवासात प्रत्येक वायू त्या प्रकाशातील आपापल्या ठरावीक रंगछटा शोषून घेतो. नायट्रोजन डायऑक्साइड जांभळ्या-निळ्या रंगाचा काही भाग गिळतो. सल्फर डायऑक्साइड डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिनील भागातील. सूर्याकडून थेट आलेला प्रकाश आणि पृथ्वीवरून परतलेला प्रकाश यांची तुलना केली की कोणत्या वायूने किती घेतले, हे कळते. दुकानातून निघालेल्या पोत्याचे वजन आणि घरी पोहोचलेल्या पोत्याचे वजन ताडून पाहिले की वाटेत किती सांडले ते समजते, तसाच हा प्रकार.

प्रकाशाची अशी चौकशी करण्याच्या शास्त्राशी आपल्या भूमीचा जुना संबंध आहे. १८ ऑगस्ट १८६८ रोजी झालेल्या खग्रास सूर्यग्रहणाचा वर्णपट फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सन यांनी आंध्रातील गुंटूर येथून अभ्यासला. त्या ग्रहणाच्या वर्णपटात दिसलेल्या एका पिवळ्या रेषेपासूनच हेलियम या मूलद्रव्याचा शोध पुढे सिद्ध झाला. त्या वेळी माणूस पृथ्वीवरून सूर्याकडे पाहत होता. आज तो त्याच विद्येने आकाशातून पृथ्वीकडे पाहतो आहे.

ट्रोपोमी जमिनीचे सुमारे साडेपाच किलोमीटर लांब आणि साडेतीन किलोमीटर रुंद असे चौकोन पाडून प्रत्येकाची नोंद घेते. आपला जिल्हा साडेतेरा हजार चौरस किलोमीटरहून थोडा अधिक. म्हणजे निरभ्र दिवशी यवतमाळ जिल्ह्याच्या सुमारे ७०० चौकोनांची नोंद होते. तालुके सोळा, सरासरीने एका तालुक्याच्या वाट्याला चाळीसहून अधिक चौकोन येतात. आणि ही माहिती कोणालाही विनामूल्य पाहता येते.

आता टाळेबंदीत काय दिसले ते पाहू. वाहनांच्या इंजिनात आणि वीजकेंद्रांच्या भट्टीत जेथे प्रखर उष्णतेने ज्वलन होते, तेथे नायट्रोजन डायऑक्साइड तयार होतो. दिवसाच्या उन्हात तो काही तासांतच नष्ट होतो, दूरवर साचत नाही. त्यामुळे उगम थांबला की तो तत्काळ कमी झालेला दिसतो. टाळेबंदीच्या पहिल्या काही आठवड्यांत मुंबई आणि दिल्लीवरील या वायूचे प्रमाण २०१९ च्या त्याच काळाच्या तुलनेत सुमारे ४० ते ५० टक्क्यांनी घटल्याचे युरोपीय संस्थेने जाहीर केले. 'त्याच काळाच्या तुलनेत' हे शब्द महत्त्वाचे आहेत. मार्चची तुलना जानेवारीशी केली तर ऋतूचा फरक माणसाच्या नावावर चढतो. म्हणून जाणते लोक एप्रिल एप्रिलशी ताडून पाहतात आणि एका वर्षावर न थांबता चार-पाच वर्षांची सरासरी घेतात.

हवेतील सूक्ष्मकणांचे मोजमाप अमेरिकेच्या नासा संस्थेच्या 'टेरा' आणि 'अ‍ॅक्वा' या उपग्रहांनी केले. उत्तर भारतावरील कणांचे प्रमाण त्या ऋतूपुरते २० वर्षांतील नीचांकावर आले होते. २७ मार्चच्या सुमारास तेथे मोठा पाऊस झाला होता, हे शास्त्रज्ञांनी दडवले नाही. परंतु पावसानंतर एरवी धूळ आणि धूर पुन्हा साचतात, तसे या वेळी साचले नाहीत. आणि त्यावरून टाळेबंदीचा वाटा स्पष्ट झाला.

येथपर्यंतची हकीकत वर्तमानपत्रांतून सर्वांनी वाचली. पुढची फारशी कोणी सांगितली नाही. त्याच पहिल्या आठवड्यांतील नासाच्या नोंदींत दक्षिण भारतात सूक्ष्मकणांची घट तशी दिसली नाही. काही ठिकाणी तर प्रमाण आधीच्या वर्षांपेक्षा किंचित अधिकच होते. हवामान, वारे आणि शेतातील आगी ही त्याची संभाव्य कारणे सांगितली गेली. आणि नायट्रोजन डायऑक्साइडच्या नकाशावर मुंबई-दिल्लीचे डाग फिके पडले तरी देशाच्या पूर्वेकडील कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्रांचे डाग कायम राहिले. म्हणजे देश थांबला, असे आपण म्हणतो. पण सर्व आगी थांबल्या नव्हत्या. टाळेबंदीने आपल्याला दोन याद्या करून दिल्या. थांबलेल्या आगींची एक आणि न थांबलेल्या आगींची दुसरी. यवतमाळकरांनी दुसरी यादी नीट वाचली पाहिजे, कारण आपला जिल्हा मोटारींचा आणि कारखान्यांचा जिल्हा नाही. आपल्या वाट्याला येणारा धूर बहुतांशी त्या दुसऱ्या यादीतला आहे.

तीतील पहिली आग कोळशाची. वीज आणि कोळसा या अत्यावश्यक सेवा असल्याने टाळेबंदीत चालूच होत्या, आणि त्या तशा असणे योग्यच होते. रुग्णालयांतील श्वसनयंत्रे विजेवर चालत होती. देशाची विजेची मागणी एप्रिल २०२० मध्ये वीस टक्क्यांहून अधिक घटली, पण भट्ट्या विझल्या नाहीत. आपल्या वणी तालुक्यात वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणी आहेत, आणि वर्धा नदी ओलांडली की चंद्रपूरचे २,९२० मेगावॉट क्षमतेचे महाऔष्णिक वीजकेंद्र. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील औद्योगिक क्षेत्रांचे प्रदूषण निर्देशांक काढले, तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांसह देशात चौथे होते. नासाच्या 'ऑरा' उपग्रहाच्या नोंदींवरून ग्रीनपीस या संस्थेने २०१९ मध्ये जगातील सल्फर डायऑक्साइडच्या मोठ्या केंद्रांची यादी केली, तीत चंद्रपूर आणि कोराडी ही दोन्ही नावे होती. त्या संस्थेच्या भूमिकांविषयी आपल्यापैकी अनेकांचे तीव्र मतभेद आहेत, माझेही आहेत. परंतु मोजणी उपग्रहाची आहे. सांगणारा आवडत नाही म्हणून आकडा नाकारणे हे अभ्यासकाचे लक्षण नव्हे.

जिल्ह्याची हद्द महसूल खात्याला ठाऊक असते, धुराला नसते. वारा पूर्वेकडून वाहिला की नदीपलीकडचा धूर वणी-मारेगावचा होतो. वीजकेंद्रांच्या सल्फर डायऑक्साइडवर मर्यादा घालणारे निकष डिसेंबर २०१५ मध्ये आले. मुदती वाढत गेल्या. जुलै २०२५ मधील अधिसूचनेने देशातील बहुसंख्य केंद्रांना धूर धुण्याचे संयंत्र बसविण्यातून सूट दिली. तीव्र प्रदूषित क्षेत्रांच्या परिसरातील केंद्रांचा निर्णय मात्र प्रकरणनिहाय व्हावयाचा आहे. सरकारच्या बाजूने खर्चाचा आणि भारतीय कोळशात गंधक कमी असल्याचा युक्तिवाद आहे, आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. पण जेथे निर्णय प्रकरणनिहाय आहे, तेथे नदीच्या या तीरावरील लोकांनी आपले म्हणणे आकड्यांसह मांडावयास नको काय? ते आकडे उपग्रहाच्या नोंदींत वर्षानुवर्षांचे जमा आहेत.

दुसरी आग आपल्या स्वतःच्या हातची आहे. आपला जिल्हा कापसाचा. शेवटची वेचणी झाली की फेब्रुवारीपासून शेताशेतांत पऱ्हाट्यांचे ढीग पेटतात, तुराट्या पेटतात, उन्हाळ्यात धुरे पेटतात. शेतीची कामे टाळेबंदीतून वगळली होती, त्यामुळे हा धूर २०२० मध्येही थांबला नाही. शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे. परंतु गुलाबी बोंडअळीचे जीवनचक्र तोडण्यासाठी पऱ्हाटी शेतात ठेवू नका, असे कृषिशास्त्रज्ञच सांगतात. मजुरी परवडत नाही, पुढच्या हंगामासाठी शेत मोकळे हवे असते. मग काडी ओढली जाते. पंजाबच्या तणसाचा धूर दिल्लीत जातो, म्हणून त्यावर देशभर चर्चा होते. आमच्या पऱ्हाटीचा धूर आमच्याच लेकरांच्या छातीत जातो, म्हणून त्याची बातमी होत नाही.

तिसरी आग रानाची. मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाला जाळला जातो, तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून वणवा लावला जातो. टिपेश्वर आणि पैनगंगा ही आपली दोन अभयारण्ये या काळात कोरडी ठणठणीत असतात. अशा आगींची उष्णता उपग्रहावरील 'व्हिअर्स' यंत्र ३७५ मीटरच्या बारकाव्याने टिपते आणि डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून वन कर्मचाऱ्यांना सूचना जाते. ही यंत्रणा टाळेबंदीच्या आधीपासून आहे. तिचा लाभ घेणारे हात मात्र गावातच लागतात.

आणि चौथी आग चुलीची. मे २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने कोट्यवधी घरांत गॅस पोहोचवला. टाळेबंदीत लाभार्थी भगिनींना तीन सिलिंडर विनामूल्य देण्याची तरतूद झाली. तरीही सिलिंडर संपले की पुन्हा चुलीत पऱ्हाटीच जाते, हे खेड्यात राहणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही.

बंधूंनो, येथे एका गोष्टीचे भान ठेवले पाहिजे. टाळेबंदीतील निळ्या आकाशाची काही विद्वानांनी इतकी स्तुती केली, की जणू उद्योग आणि प्रवास थांबणे हाच आदर्श. त्या निळ्या आकाशाखाली काय चालले होते ते आपण पाहिले आहे. आपल्याच जिल्ह्यातून, पांढरकवड्यावरून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वरून डोक्यावर बोचकी आणि कडेवर मुले घेतलेले मजूर चालत गेले. १९ मे २०२० रोजी आर्णी तालुक्यात, सोलापूरहून झारखंडच्या मजुरांना घेऊन निघालेल्या बसला अपघात होऊन चार जणांचे प्राण गेले. कापूस घराघरांत पडून राहिला. त्या काळात आपले असंख्य कार्यकर्ते शिधा आणि पाणी घेऊन रस्त्यावर उभे होते. त्या मजुरांच्या पायांवरचे फोड त्यांना आठवत असतील. गरिबाची चूल विझवून मिळालेली स्वच्छ हवा ही कोणत्याही समाजाची कमाई असू शकत नाही.

मग टाळेबंदीने दिले काय? तिने पुरावा दिला. 'भारताची हवा अशीच, त्याला इलाज नाही' असे म्हणणाऱ्यांना आकाशाने उत्तर दिले, की माणसाने आपला धूर आवरला तर काही दिवसांत फरक पडतो. 'विकास थांबवा' म्हणणाऱ्यांनाही उत्तर मिळाले, की सर्व काही थांबवूनही ज्या आगींकडे तुम्ही पाहिलेच नाही, त्या जळतच राहतात. तेव्हा देश थांबवण्याची गरज नाही. नेमकी कोणती आग, कोठे आणि केव्हा जळते, हे ओळखून तिचे काम बदलण्याची गरज आहे.

याचे एक उदाहरण आपल्या दारातच आहे. हेक्टरी दोन ते तीन टन पऱ्हाटी निघते. तिच्यापासून इंधनाच्या कांड्या आणि लाकडासारखे फळे तयार करण्याचे तंत्र केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने विकसित केले आहे. दुसरीकडे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये धोरण जाहीर केले, की औष्णिक केंद्रांनी कोळशाबरोबर शेतातील काडीकचऱ्याच्या कांड्याही जाळाव्यात. सुरुवात पाच टक्क्यांपासून. एका तीरावर पऱ्हाटी फुकट जळते आहे आणि दुसऱ्या तीरावर भट्टीला तीच हवी आहे. मध्ये आहे ती फक्त वर्धा नदी, आणि गोळा करणारी, कुट्टी करणारी, वाहून नेणारी व्यवस्था. ती व्यवस्था शेतकरी उत्पादक कंपन्या, सहकारी संस्था आणि गावातील तरुण उभी करू शकतात. शेतकऱ्याच्या पदरात दोन पैसे पडले, की काडी ओढू नका असे सांगण्याची वेळच येणार नाही.

उपग्रहाच्याही मर्यादा आहेत, त्या सांगितल्या नाहीत तर विषयाला न्याय मिळणार नाही. जून ते सप्टेंबर ढगांखाली त्याला फारसे दिसत नाही. तो जमिनीपासून वरपर्यंतच्या हवेचा एकत्रित हिशेब देतो, आपल्या नाकाशी असलेल्या हवेचा वेगळा देत नाही. तो दुपारी दीडला येतो. आपल्या पऱ्हाट्या पेटतात दिवस कलल्यावर. आगी टिपणारा उपग्रह पुन्हा रात्री दीडच्या सुमारास येतो, तोवर ढिगाची राख झालेली असते. म्हणून आकाशातील डोळ्याला जमिनीवरच्या डोळ्यांची जोड हवी. महाविद्यालयांतील भूगोल आणि भौतिकशास्त्राच्या विभागांनी आपापल्या तालुक्याचे चाळीस चौकोन दत्तक घ्यावेत. विद्यार्थ्यांनी महिन्याच्या महिन्याला नोंदी उतरवाव्यात. कोणत्या दिवशी कोठे धूर होता, वारा कोठून होता, हे गावात विचारून शेजारी लिहावे. पाच वर्षांत जिल्ह्याजवळ स्वतःच्या हवेची वही तयार होईल. त्या वहीचा उपयोग कोणाला पकडून देण्यासाठी करू नका. नकाशावरील ठिपका म्हणजे गुन्हेगाराचे नाव नव्हे. बहुधा ते एका अडलेल्या शेतकऱ्याचे शेत असते.

आणखी एक विचार. आज मी ज्यांचा उल्लेख केला ते बहुतेक उपग्रह युरोप-अमेरिकेचे आहेत. त्यांनी माहिती सर्वांना खुली ठेवली, याबद्दल कृतज्ञ असावे. पण आपल्या श्वासाचा हिशेब कायम दुसऱ्याच्या वहीत असावा, हे स्वाभिमानी राष्ट्राला शोभणारे नाही. इस्रोचे इन्सॅट-३डी मालिकेतील उपग्रह हवेतील कणांचे मोजमाप देतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने २०१० पासून 'सफर' ही हवेचा अंदाज देणारी व्यवस्था उभी केली. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या जी-२० परिषदेत भारताने पर्यावरण आणि हवामानाच्या निरीक्षणासाठी उपग्रह मोहिमेचा प्रस्ताव मांडला. या दिशेने देश चालला आहे. त्या नोंदी वाचणारी पिढी मात्र आपल्या शाळांतून घडली पाहिजे.

संघाच्या शताब्दीच्या निमित्ताने पंच परिवर्तनाचा जो विषय समाजापुढे आला, त्यात पर्यावरण आहे आणि नागरिक कर्तव्यही आहे. ही दोन सूत्रे वेगळी नाहीत. वायू हे पंचमहाभूतांपैकी एक, आणि ज्याचे वाटे पाडता येत नाहीत असे. पाणी अडवता येते, जमीन मोजून घेता येते. हवा मात्र वाड्यातल्या आणि तांड्यावरच्या माणसाला एकच घ्यावी लागते. म्हणून तिची राखण हे समरसतेचेही काम आहे. येत्या फेब्रुवारीत आपल्या गावशिवारात पऱ्हाट्यांचे ढीग लागतील, तेव्हा प्रत्येक शाखेने, प्रत्येक मंडळाने आपल्या गावातील किमान एक ढीग आगीऐवजी कुट्टीयंत्राकडे वळवावा. त्याची नोंद ठेवावी. एवढ्याने जिल्ह्याचे आकाश बदलणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण सातशे चौकोनांच्या या जिल्ह्यात प्रत्येक चौकोनात असे एक गाव निघाले, तर दुपारी दीडला वरून जाणाऱ्या त्या यंत्राला ते दिसल्याशिवाय राहणार नाही.



भारत माता की जय!